गाडी गार ठेवायला

मंगल कार्यालयाच्या दारात एक रिकामी गाडी उभी होती. काचा बंद, ड्रायव्हर बाहेर झाडाखाली. खाली एसीचं पाणी ठिबकताना दिसलं, म्हणून कळलं की इंजिन चालू आहे. मालक जेवून येईपर्यंत गाडी गार राहावी, एवढ्यासाठी!

माझं डोकंच फिरलं. उभी हयात मी कारखान्यात नवी इंजिनं घडवण्या-तपासण्यात घालवली. थेंबभर डिझेलातून आणखी थोडी ताकद निघावी म्हणून आम्ही पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा पुन्हा पुन्हा बदलून पाहायचो, त्यावरून एकमेकांशी कडाकडा भांडायचो.

मालक विडा चघळत आले. मी म्हटलं, "अहो, बंद तरी करायला सांगायचं!"

ते हसले. "काका, नवीन इंजिन आहे. असं पितंय तरी किती?"

म्हणजे कमी पितं, म्हणून पाजत बसायचं! आम्ही वाचवलेला थेंब यांना उधळायला मोकळा.

संतापून मी बॉनेटवर हात आपटला. हाताला इंजिनाची बारीकशी थरथर जाणवली, आवाज मात्र काहीच नाही. ते पाणी दिसलं नसतं तर मलाही पत्ता लागला नसता.

तो आवाजही आम्हीच मारला होता.