पाटीवरचे दोन आकडे

चिंच ॲल्युमिनियमला लावायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तांब्याच्या कलशाला लावतात, पितळी समईला लावतात, मग जुन्या गाडीच्या पाटीला लावली तर बिघडलं कुठे, असा माझा साधा सरळ विचार. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ आणि वर तारेची घासणी. बघता बघता पाटी लख्ख झाली. इतकी लख्ख, की तीत माझा चेहरा दिसायला लागला आणि तिच्यावरचे दोन आकडे दिसेनासे झाले.

गाडी संग्रामची. संग्राम घोरपडे, मूळचा सांगलीचा, आता अमेरिकेत रेडमंडला आमच्या शेजारच्या टाऊनहाऊसमध्ये राहतो. माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आमच्यातलं साम्य तिथेच संपतं, ही माझी जुनी तक्रार.

हा माणूस कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघतो. इंडियन स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यावरचा बॅच नंबर वाचत उभा राहतो. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी डायनिंग टेबलाखाली वाकला आणि म्हणाला, "मोहन, हे सागवान नाही. वर नुसता सागवानाचा पापुद्रा चिकटवलाय." टेबल मी निवडलं होतं. नीला, म्हणजे माझी बायको, तेव्हा जी हसायला लागली ती पाहुणे आले की अजून हसते. त्या दिवसापासून मला संग्राम आवडतो आणि सहन होत नाही.

त्यात त्याने ही गाडी आणली. १९७० सालची, दोन दारांची, जिला इथे मसल कार म्हणतात. बोनेट असं पसरलेलं, की त्यावर पंगत बसावी. सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या किणकिणायला लागतात. माझी गाडी हायब्रिड, करडी, आवाज न करणारी. मी घरी आलो हे नीलाला मी फ्रिज उघडल्यावर कळतं.

या जुन्या गाड्यांना इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्याने एक छोटी पाटी ठोकलेली असते. तिच्यावर नुसते आकडे आणि अक्षरं. गाडी कधी बनली, अंगाला कुठला रंग दिला, सीटला कुठलं कापड लावलं, सगळं त्यात. ते वाचायचा संग्रामला नाद, आणि तो नाद नीलाला लागला. मी ऑफिसात नेमकं काय करतो हे जिने लग्नानंतर एकदाही विचारलं नाही, ती दर शनिवारी चहाचा थर्मास घेऊन त्याच्या गराजमध्ये.

"वहिनी, हे बघा, झीरो फोर बी. म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा."

"अय्या! म्हणजे हिचा वाढदिवस करता येईल!"

माझा वाढदिवस तिला फोन सांगतो.

रंगाची आणि कापडाची ओळ तेवढी काळ्या थराखाली दडली होती. गाडी आता लाल दिसत होती, पण तो रंग मधल्या कुठल्या तरी मालकाचा. संग्रामला ती कारखान्यातून निघाली तशीच करायची होती. सगळा पावसाळी हिवाळा थांबून त्याला एका नामांकित पेंटरची वेळ मिळाली होती, येत्या सोमवारची. "चुकीचा रंग लागला तर ती दुसरीच कुठलीतरी गाडी होईल यार," तो म्हणायचा. बोलणं मोजकंच, पण हे मात्र चारचौघांत, पोटलकच्या जेवणात, पार्किंगमध्ये सांगून झालेलं.

त्या शनिवारी दोघं तो थर हळूच काढायचं कसलंसं सौम्य द्रावण आणायला गेले. "जरा लक्ष ठेव," एवढंच मला सांगून. मी लक्ष ठेवलं. मग वाटलं, ते यायच्या आत ती ओळ आपणच वाचली तर? नीला म्हणेल, "अरे वा, मोहन!" या तीन शब्दांसाठी मी चिंच भिजवली.

दोघं परतले. संग्राम पाटीवर वाकला. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"चिंच?"

"आणि मीठ," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"घरातला तांब्या घासायला सांगितला की तुझी पाठ दुखते ना रे?" नीला म्हणाली.

संग्राम ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मीही ओरडलो असतो, हिशेब मिटला असता. पण त्याने पाटीवर पातळ कागद ठेवला आणि वर पेन्सिल हलकेच फिरवायला सुरुवात केली. कागदावर चार उमटला. त्याच्या शेजारी काहीतरी गोल. "पाच असेल तर फिका हिरवा. आठ असेल तर गडद हिरवा," तो म्हणाला. सीटच्या आकड्याच्या जागी तर माझ्या घासणीचे ओरखडेच छापून आले.

हिरवा! मला आतून गुदगुल्या झाल्या. इतक्या रुबाबदार गाडीच्या नशिबी हिरवा! चेहरा मात्र मी दुःखी ठेवला.

रविवारभर आम्ही गाडी धुंडाळली. नंतरच्या पेंटरचा हात जिथे पोचला नसेल अशी जागा हवी होती. संग्राम स्क्रू काढायचा, नीला मोबाईलचा टॉर्च धरायची, आणि माझ्याकडे व्हॅक्यूम क्लीनरची नळी. तीही बंद असलेली.

मागच्या सीटच्या बाजूचं पॅनेल निघालं तशी नीला किंचाळली. आत तळहाताएवढा पत्रा कुणीच पुन्हा रंगवला नव्हता. फिका हिरवा. सीटखालच्या तारेच्या कडीत जुन्या कव्हरची चिंधी अडकली होती. तीही हिरवी. संग्रामने पत्र्याशेजारी रंगांचं कार्ड धरलं, मग ते माझ्या हातात देऊन मान वळवली आणि चष्मा पुसत बसला. त्याचे डोळे पाणावलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यातही मला हेवाच वाटला. माझ्या कुठल्याच वस्तूने मला कधी रडवलं नाही, ते टेबल सोडून.

मग मित्र म्हणून मी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, अंगही हिरवं, सीटही हिरव्या. मेथीत पालक घातल्यासारखी दिसेल. लालच ठेव. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळे लालच म्हणतायत. आणि आता पाटी तरी कुठे साक्ष द्यायला उरलीय? कुणी प्रूव्ह करू शकणार नाही."

त्याने माझ्याकडे आमच्या टेबलाखाली बघितल्यासारखं बघितलं, आणि ती चिंधी जपून खिशात ठेवली.

गाडी हिरवीच होऊन आली. सीटही हिरव्या. मे महिन्यातल्या पहिल्या उन्हाच्या शनिवारी त्याने ती बाहेर काढली तेव्हा मी मुद्दाम हसायच्या तयारीने गेलो. हसू आलं नाही. ऊन पडलं की तो रंग कैरीच्या फोडीसारखा चमकायचा, सावलीत गेला की शांत व्हायचा. पार्किंगमधली माणसं मुलांना कडेवर घेऊन येत होती. एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. "माझ्या भावाची अशीच होती, हाच हिरवा," म्हणाले, आणि संग्रामचा हात बराच वेळ सोडेनात. मी शेजारीच उभा होतो. माझा हात त्यांनी धरला नाही.

नीला पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा, डोक्याला स्कार्फ बांधून. तो स्कार्फ मी दिलेला. माझ्या गाडीत तिने तो कधी बांधला नव्हता.

आता राहवेना. मान, अपमान सगळं गिळलं आणि चावीकडे बघत म्हणालो, "संग्राम, एकदाच. कोपऱ्यापर्यंत. चालवू दे ना यार."

त्याने माझ्यासाठी ड्रायव्हरची सीट पुढे वाकवली आणि म्हणाला, "मागे बस, आणि कशालाही हात लावू नकोस."