चुकलं तरी चालेल

शेडमध्ये त्याला सगळे 'वरचा' म्हणत. सव्वीस वर्षं तो छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसत आला होता. जमिनीपासून चौदा मीटर वर, काचेच्या खोक्यात, दोन हात दोन लिव्हरवर. खाली कोणी टंगळमंगळ करू लागला की शेजारचा म्हणायचा, "जपून रे, वरचा बघतोय."

त्या कामाला बोलणं लागत नाही. खाली हातोडे, ग्राइंडर, पंखे. ओरडून उपयोग नसतो. खालचा माणूस हाताने खूण करतो, वरचा बेल वाजवतो आणि भार हलवतो. खूण नीट दिसली नाही तर हात लिव्हरवरून काढायचा. अंदाज करायचा नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्याने एकदा अंदाज केला होता. खालच्याने हात वर केला तो कपाळाचा घाम पुसायला. ह्याला वाटलं, उचल म्हणतोय. साखळी ताणली गेली आणि त्या माणसाची दोन बोटं गेली. पुढे तो स्टोअरमध्ये बसायचा. भेटला की हसायचा. वरचा नजर चुकवून पुढे जायचा.

मग परदेशातून नवं यंत्र आलं. सुटे भाग नऊ-नऊ टनांचे, आणि ते जोडायला तिकडचेच चार फिटर. त्यांच्या कानांवर जाड टोप्या, टोप्यांत रेडिओ. ते हाताने खूण करत नसत. इंग्रजीत बोलत. व्यवस्थापनाने नोटीस लावली: प्रत्येक क्रेनचालकाने इंग्रजी ऐकण्याची आणि बोलण्याची परीक्षा द्यायची. नापास होईल तो खाली, भंगाराच्या आवारात.

वरच्याने नोटीस तीनदा वाचली. भंगाराच्या आवारात काम वाईट नव्हतं. पण त्याला दुसरं काही येत नव्हतं. चौदा मीटरवरून भार टाचणीसारखा टेकवायचा, एवढंच यायचं.

शिकवायला विद्यापीठातून एक बाई आल्या. कामाच्या जागी माणसं परकी भाषा कशी शिकतात, ह्यावर त्यांचं संशोधन होतं. वर्ग त्या घेणार, परीक्षाही त्या घेणार. छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एकच नियम. चुकलं तरी चालेल. बोला. अंदाजाने बोला."

वरच्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला, ज्याला सगळे बडबड्या म्हणत, तो तर सुटलाच. काळ नाही, क्रियापद नाही, शब्दांची नुसती रास. बाई खूश. "बघा, हे असं हवं."

बाहेर आल्यावर बडबड्याने वरच्याच्या पाठीत थाप मारली. "काय दादा, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? दोन शब्द फेकायचे. एक तरी लागतोच."

"आणि नाही लागला तर?"

"तर दुसरा फेकायचा! ही काय क्रेन आहे?"

वरचा चालू लागला. त्याच्या लेखी क्रेनच तर होती.

घरी मुलीने शिकवणी घेतली. ती कॉलेजात होती. जेवणाच्या टेबलाशी बसून ती प्रश्न विचारायची. वरचा प्रश्न समजून घ्यायचा, मनात उत्तर जुळवायचा, तपासायचा, पुन्हा तपासायचा. तोवर ती पुढच्या प्रश्नावर गेलेली असायची.

"बाबा, बोला ना. मला कळतंय तुम्हाला येतंय."

"जुळवतोय."

बायको ओट्यापाशी उभी होती. "अगं, माझ्याशी तरी कुठे बोलतात? सव्वीस वर्षं ह्या घरात एकटी मीच बोलतेय."

"तुझं बरोबर असतं," वरचा म्हणाला. "मी कशाला मध्ये पडू?"

मुलगी हसली. तो नाही हसला. त्याला दिवस मोजायची सवय लागली होती. परीक्षेला नऊ उरले होते.

परीक्षेची खोली लहान होती. खिडकी नाही. पहिल्या भागात आवाज ऐकून चित्रावर बोट ठेवायचं होतं. वीसपैकी वीस. दुसऱ्या भागात बोलायचं होतं. रेकॉर्डरचा दिवा लाल झाला, आवाजाने विचारलं: भार हवेत आहे आणि वीज गेली, तर काय कराल? हे त्याने आयुष्यात सात वेळा केलं होतं. त्याने तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. कानशिलं धडधडू लागली. प्रश्नांमागून प्रश्न येत गेले आणि तो बंद दाराकडे बघत बसला. दुसऱ्या भागात शून्य.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काका, असं होत नाही. एवढं समजणारा माणूस थोडं तरी बोलतो."

"मॅडम, चुकलं तर चालेल असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे चुकलेलं चालत नाही." आणि त्याने दोन बोटांची गोष्ट सांगितली. खाली बघत, पाच वाक्यांत.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खूप वेळ लिहीत होत्या. मग व्यवस्थापकाकडे जाऊन त्यांनी फेरपरीक्षा मागून घेतली. पुढचा सोमवार मिळाला. त्याच्या आधी त्यांना त्याचं काम जवळून बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी त्या शिडी चढून केबिनमध्ये आल्या. अर्ध्या वाटेत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. केबिनमध्ये त्या जमिनीवरच बसल्या, गजाला धरून.

"खाली बघू नका," वरचा म्हणाला.

"तुम्ही दिवसभर तेच करता."

"मला त्याचा पगार आहे."

दहा मिनिटं त्या टिकल्या. मग रेकॉर्डर गजाला अडकवून, डोळे मिटून, एकेक पायरी चाचपत खाली गेल्या. वरचा एकटा राहिला.

यंत्राचा गिअरचा डबा उचलायचा होता. नऊ टन. कापडी पट्ट्यांत बांधलेला. कडा धारदार, म्हणून प्रत्येक कडेला पट्ट्याखाली लाकडी ठोकळा. केबिनमधल्या रेडिओवर हुकूम आले: वर, डावीकडे, सावकाश, थांब. त्याने बिनचूक केले. डबा फरशीत बांधलेल्या पायावर मीटरभर उंचीला आणून थांबवला. सगळ्यांत उंच परदेशी फिटर, ज्याला शेडमध्ये लांब्या म्हणत, पाना घेऊन डब्याखाली वाकला आणि बोल्टची भोकं जुळवू लागला.

तेव्हा वरच्याला दिसलं. पलीकडच्या कडेचा ठोकळा निसटला होता. पट्टा थेट लोखंडाच्या धारेवर होता आणि त्याचे धागे सुटत होते, एकेक. खालून ते दिसणं शक्य नव्हतं. भार हलवला असता तर उरलेले धागेही गेले असते. त्याने बेल दाबली, दाबूनच धरली. लांबचे कामगार थबकून वर बघू लागले. लांब्याच्या कानांवर टोपी होती. त्याला बेल ऐकू गेली नाही.

उरला रेडिओ. मराठीत ओरडलं असतं तर लांब्याने तिथेच उभं राहून नुसतं वर बघितलं असतं.

वरच्याने रेडिओचं बटण दाबलं. पट्टा कापला जातोय. पट्ट्याला शब्द होता, तो आठवला. कापण्याला आठवेना. मग बाहेर या असं सांगावं. पण कुठल्या बाजूने? डावी त्याची का माझी? वाक्य अर्धं जुळलं आणि मोडलं. आणखी धागे सुटले. डोळ्यांसमोर स्टोअरमधला तो हसरा चेहरा आला. वरच्याने जुळवणं सोडून दिलं.

"आउट! यू आउट! आउट, गो, गो, आउट!"

लांब्याने मागे उडी घेतली. पट्टा तुटला. डब्याचा कोपरा फरशीत घुसला, पाना जिथे पडला होता तिथेच. केबिन हादरली. मग सगळी शेड गप्प झाली, जशी ती सुट्टीच्या दिवशीही नसते.

वरच्याला अर्धा तास शिडी उतरता आली नाही. शेवटी बडबड्या वर आला आणि एक शब्दही न बोलता त्याच्या शेजारी बसला. लांब्याने वर बघून हात केला. वरच्याने हात हलवून दाखवला नाही. त्याला त्या हाताकडे बघवत नव्हतं.

व्यवस्थापक म्हणाला, आता कसली परीक्षा, हा पास. बाईही तयार होत्या. वरचा म्हणाला, "आधी ते ऐकवा."

शनिवारी बिनखिडकीच्या खोलीत बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. बेल वाजत होती. बेलीखाली त्याचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा. बाकी काही नाही. काहीच नाही. मग त्याचा स्वतःचा आवाज, चिरका, अनोळखी. मग धडाम.

"किती?" त्याने विचारलं.

"बेलीपासून तुमच्या बोलण्यापर्यंत अकरा सेकंद."

"आणि बोलल्यापासून पट्टा तुटेपर्यंत?"

बाईंनी पुन्हा ऐकलं. "तीन."

तो समोरचं पाणी प्यायला. "मला सगळे मिळून चौदा सेकंद मिळाले. अकरा मी वाक्य घडवण्यात घालवले. दहाच मिळाले असते, तर?"

बाईंनी वही उघडली आणि बंद केली. "काका, तो माणूस वाचला."

"पट्ट्याने वाचवला. मी उशिरा बोललो. सोमवारी परीक्षा घ्या. आणि प्रत्येक उत्तर किती सेकंदांत आलं, तेही लिहा."

सोमवारी दिवा लाल झाला. आवाजाने विचारलं. वरच्याची कानशिलं तशीच धडधडली. तिसऱ्या सेकंदाला त्याने तोंड उघडलं आणि वाटेल ते बोलला. क्रियापद गेलं, मागचा शब्द पुढे आला. प्रत्येक चूक त्याला दाढेत खडा आल्यासारखी जाणवत होती, तरी तो थांबला नाही. वीसपैकी बारा. केबिन त्याची राहिली.

घरी बायकोने विचारलं, "गेली का हो भीती?"

"नाही."

"मग?"

"सरासरी पाच सेकंद आलेत. पाचही जास्तच आहेत."

दुसऱ्या दिवशी वर्ग होता. आता त्याच्यावर सक्ती नव्हती. पाळी संपवून तो सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसला. तळहात ओले होते. ते त्याने पँटला पुसले आणि बाई यायची वाट बघू लागला.