‘तुमची सकाळ सांगा’ म्हणणाऱ्या डॉ. वसुधाताई

डॉ. वसुधाताई पिंपळखेडकर यांची आणि माझी ओळख रक्तदाब मोजण्याच्या एका बिघडलेल्या यंत्रामुळे झाली. पुंडलिकनगरातला त्यांचा दवाखाना तेव्हा नवाच होता. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे आणि रस्त्यावर नुसता मुरूम. मी गंगापूर तालुक्यातून येऊन शहरातल्या दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत होतो. हे काम मला कोणी शिकवलं नाही. भंगारातली यंत्रं उघडून आणि पुन्हा जोडून मी ते शिकलो. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

दुरुस्त केलेलं यंत्र मी टेबलावर ठेवलं. ताईंनी पट्टा माझ्याच दंडाला बांधून दाब मोजला, मग दुसरं यंत्र काढून पुन्हा मोजला. माझा चेहरा उतरलेला त्यांनी पाहिला असावा.

“रंगनाथराव, अविश्वास नाही हा. पेशंटच्या दंडाला लावण्याआधी मी खात्री करते, एवढंच.”

“मॅडम, मीबी खात्री करूनच आणलंय.”

“मग आपलं जमेल,” असं म्हणून त्या हसल्या. तेव्हापासून त्यांच्या दवाखान्यातलं एकही यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं नाही.

ताईंची रोगी तपासण्याची एक रीत आहे. त्यांच्याकडे उपचार घेतलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. नाडी पाहण्याआधी त्या म्हणतात, “तुमची सकाळ सांगा. डोळे उघडल्यापासून.” नवा माणूस गोंधळतो. माझ्यासमोर एक म्हातारे शेतकरी चिडून म्हणाले होते, “मॅडम, दुखायलाय गुडघा. सकाळ घेऊन काय करता?” पण सांगता सांगता निघालं की ते रोज उकिडवं बसून दोन म्हशींची धार काढतात. “मग काय म्हशीला खुर्ची आणू?” म्हाताऱ्यांनी विचारलं. ताई शांतपणे म्हणाल्या, “म्हशीला नको, तुमच्यासाठी एक स्टूल आणा.” गोळ्यांची चिठ्ठी त्यानंतर लिहिली.

दुष्काळाच्या वर्षांत शहर वाढतच होतं, पाणी मात्र रोज कमी होत होतं. नळाचा भरवसा नव्हता आणि टँकरला वेळ नव्हती. ताईंनी दवाखान्याच्या बोअरची एक तोटी कुंपणाच्या भिंतीबाहेर काढून दिली. कंपाउंडर काकुळतीला येऊन म्हणाले, “मॅडम, अशानं बोअर आटंल की!” ताई म्हणाल्या, “आटलं तर सगळ्यांचं मिळून आटेल.” तोटी बाहेरच राहिली.

आता माझ्या घरातलं सांगतो. मंदा, म्हणजे माझी पत्नी, आमच्या गुंठेवारीतल्या वसाहतीत बालवाडी चालवते. वर्गातल्या प्रत्येक लेकराचं नाव, त्याचं लाडाचं नाव आणि ते कशाला भितं, हे सगळं तिला तोंडपाठ. त्या दुष्काळात तिची चाळिशी नुकतीच उलटली होती. बडबडगीत म्हणताना ती मधेच थांबू लागली. पुढची ओळ लेकरं सांगायची, तिला वाटायचं ती चिडवतात. समोरच्या पोरीचं नाव ओठांवर यायचं नाही. थकवा होता, अंगावर थोडी सूज होती, आणि कारण नसताना डोळे भरून यायचे. शेजारपाजारचे म्हणाले, पाण्याच्या काळजीनं डोकं तापलंय. माझी वहिनी तोंडावर म्हणाली, “लई शिकवलंस लेकरांना, आता तूच बस त्यांच्यात.”

एका दवाखान्यात रक्त तपासलं. थायरॉईड ‘किंचित’ कमी आहे, काळजीचं कारण नाही, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. घरी आल्यावर मंदा म्हणाली, “अहो, बालवाडी सोडते मी. उद्या एखादं लेकरू दुसऱ्याच्याच आईच्या हाती देईन. येड लागायलंय मला.”

तेव्हा तिला ताईंकडे नेलं. किंचित म्हणजे कमी महत्त्वाचं, असं ताईंनी मानलं नाही; पण किंचितचं मोठंही केलं नाही. रक्त काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घेतलं. हिमोग्लोबिन पाहिलं, जीवनसत्त्वं पाहिली, झोपेचं विचारलं, मनाचं विचारलं. मला राहवलं नाही. मानेतल्या एवढ्याशा ग्रंथीचा मेंदूशी काय संबंध, असं मी विचारलं. बाहेर खोकणारी रांग होती, तरी ताईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“या ग्रंथीचा रस रक्तातून मेंदूपर्यंत जातो. तो कमी पडला की काहींचा विचार मंदावतो, शब्द पटकन सापडत नाही, मन उदास होतं. थोडाच कमी असेल तर काहींना काहीच जाणवत नाही, काहींना जाणवतं.”

“म्हणजे व्होल्टेज कमी. बल्ब जात नाही, पण मिणमिणतो.”

“उपमा चांगली आहे, रंगनाथराव. पण बल्ब रडत नाही. मंदाताई रडतात, ते आधी पाहा.”

मग त्या मंदाकडे वळल्या. “हे वेड नाही. सगळा विसर थायरॉईडच्या माथी मारता येईल, असंही मी म्हणत नाही. गोळी देऊन पाहू. उपयोग झाला नाही तर दुसरं कारण शोधू. बालवाडी मात्र सोडायची नाही.”

दोन-तीन महिने गेले. मंदानं एक दिवसही गोळी चुकवली नाही, याला मी साक्षी आहे. तरी फरक नव्हता. नव्या तपासणीतला आकडा तर आधीपेक्षा वाईट आला. रिपोर्ट घेऊन मंदा दवाखान्याच्या पायरीवरच थबकली. “म्हणजे दुसरंच काही हाय. डोकं चाललं माझं,” एवढंच ती बोलली.

आत ताईंनी गोळी वाढवण्यासाठी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. “मंदाताई, तुमची सकाळ सांगा.”

“सकाळ कसली मॅडम, टँकरच की. भोंगा वाजला की ड्रम घेऊन पळायचं. घरी आलं की चहा टाकायचा, चहासोबत गोळी, मग बाकीची कामं.”

“चहासोबत? रिकाम्या पोटी घ्यायची म्हटलं होतं मी.”

“रिकाम्याच पोटी घेते की! चहा काय खाणं असतंय का? उपासालाबी चालतो.”

“आणि पाण्याबरोबर का नाही?”

“तुम्हीच म्हणलात, टँकरचं पाणी उकळल्याबिगर पिऊ नका. उकळायला गॅस लागतो. आमच्यात पहिलं आधण चहाचं. मग त्याच्यातच उरकते.”

मी मधे बोललो, “बरोबरच हाय की मॅडम.” कारण मलाही ते बरोबरच वाटत होतं. ज्या मुलखात चहा प्यायलेला माणूस ‘सकाळपासून पोटात काही नाही’ असं खरोखर मानतो, तिथं आम्ही वेगळं काय करणार होतो?

ताई हसल्या नाहीत. मंदाचा हात धरून म्हणाल्या, “चूक माझी झाली. दुधाच्या चहाबरोबर ही गोळी अंगी नीट लागत नाही. मी ‘रिकाम्या पोटी’ म्हणाले, ‘चहाच्या आधी’ म्हणायला हवं होतं.” उकळून गार केलेलं पाणी रात्रीच उशाशी झाकून ठेवायचं, उठल्याबरोबर त्याच्यासोबत गोळी घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, असं त्यांनी सांगितलं. गोळी वाढवली नाही. त्या दिवसापासून ताई प्रत्येक थायरॉईडच्या रोग्याला आधी चहाचं विचारतात. इतक्या वर्षांच्या डॉक्टरांनी आपलं वाक्य एका बालवाडीच्या बाईंपुढे दुरुस्त करावं, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सुधारणा हळूहळू झाली. आधी सूज गेली, मग दुपारचं रडू थांबलं, शब्द सगळ्यात शेवटी परत आले. एके सकाळी ताई न सांगता बालवाडीत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मंदा लेकरांना एकेक नाव घेऊन आत बोलावत होती. एका चपळ पोरानं मुद्दाम विचारलं, “बाई, माझं लाडाचं नाव काय?” मंदा म्हणाली, “चिंगळ्या! आता बस खाली.” ताई चष्मा पुसत तशाच माघारी गेल्या.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि ताईंना खोटं चालत नाही. मंदा आजही एखाद्या शब्दापाशी अडते. तेव्हा ती लेकरांकडे पाहून हसते, लेकरं शब्द देतात, गाणं पुढे जातं.

आज ताई पंचाहत्तरीत पाऊल ठेवतात. त्यांचे गुडघे साबूत राहोत, झोप शांत लागो, दवाखान्याची पायरी त्यांना कधी जड न होवो आणि त्यांच्या हातून बरं होण्याचं भाग्य आमच्या नातवंडांनाही मिळो, असं मी मनापासून मागतो. हा लेख मंदाला वाचून दाखवला. तिनं डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, “सगळं बरोबर हाय, पण माझ्याकडून एक लिहा. मॅडमला म्हणावं, लई जगा. आता मला माझ्या डोक्याचं भ्या वाटत नाय.”