सर्व जातींनी प्यायलेलं पाणी

"बाईंना वरून घाला."

एवढंच म्हणाले डॉक्टरसाहेब. आवाज चढवला नाही. कपाळावर आठीही नाही. शेजारच्या वार्ताहरापुढे पानाचं तबक धरता धरता म्हणाले. खिडकी लावून घ्या, असं कुणी म्हणावं तसं.

मग त्यांचा स्वयंपाकी, डाक बंगल्यावरचा महाराज, तांब्या घेऊन माझ्याकडे आला. बाकी सगळ्यांच्या हातात चांदीचे पेले होते. मला म्हणाला, "नीचे उतर. ओंजळ कर."

मी पायरी उतरले. काखेत कागदांचा गठ्ठा होता, तो सांभाळत ओंजळ केली. त्याने खांद्याच्या उंचीवरून तांब्या ओतला. थोडं पाणी ओंजळीत पडलं. बाकीचं बाहीवर, पदरावर आणि काखेतल्या कागदांवर.

त्या कागदांवर मीच इंग्रजीत टाइप केलं होतं की, आज या शहरातल्या सर्व जातिधर्मांचे लोक एकत्र आले आणि एकाच घड्यातलं पाणी प्यायले.

माझा बाप मिशनच्या आवारात माळी. घर महारवाड्यात. मिशनच्या मडमेने मला इंग्रजी शाळेत बसवलं, पुढे टाइपरायटर शिकवला. आम्ही धर्म बदलला नाही, तरी गावाने आम्हाला बाटलेलेच ठरवलं. वाड्यातल्या बायका मला लाडाने आणि थोड्या रागाने मडमिन म्हणतात. मी फार बोलत नाही. शाळेतही बोलत नसे. पाहते.

डॉक्टरसाहेब विद्यापीठात रसायन शिकवत. आमच्या बऱ्हाणपूरला सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालून पाणी येतं, बादशाही काळात खोदलेल्या बोगद्यांतून. वर जागोजागी विहिरीसारखी तोंडं आहेत. त्यांना कुंड्या म्हणतात. हे पाणी किती शुद्ध, यावर साहेबांचं संशोधन. काचेच्या बाटल्या, नळ्या, शेगड्या घेऊन त्यांनी डाक बंगल्यात मुक्काम टाकला होता. पण विद्यापीठाला संशोधनाहून संशोधनाची बातमी जास्त हवी होती. गव्हर्नरसाहेबांच्या टेबलावर जे इंग्रजी वर्तमानपत्र पडतं, त्यात नाव यायला हवं होतं. त्यासाठी इंग्रजीत बातमी लिहून देणारं माणूस लागलं. मडमेने माझं नाव सांगितलं.

माझं टेबल मागच्या ओसरीत होतं, न्हाणीघराला लागून. बाटल्यांच्या खोलीत मला यायला बंदी. साहेब म्हणाले, "तुझ्या हाताने नमुने बिघडतील." मी म्हटलं, हात धुऊन येईन. ते हसले. महाराजही हसला. तो त्याच खोलीत विडी ओढत बसे.

पाण्यात काय काय विरघळतं हे सांगायची पदवी साहेबांनी विलायतेहून आणली होती. माझी सावलीही विरघळते, हे त्यांना घरीच शिकवलेलं होतं. दोन्ही विद्या त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी बसत. भांडत नसत.

चारचौघांत मी 'बाई'. ओसरीत 'ए'.

त्यांची एक रीत होती. बातमी आधी लिहायची, कार्यक्रम नंतर करायचा. वार्ताहर गाडीने यायचे, गाडीने जायचे. त्यांच्या हातात तयार कागद ठेवला की ते खूश. त्यामुळे टाळ्या वाजायच्या आधी मी टाळ्या टाइप करायची. पाहुण्यांच्या डोळ्यांतलं कौतुक मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं असे. आणि दुसऱ्या दिवशी ते तस्संच छापून येई. विद्वान माणसं, वर्तमानपत्रांची माणसं, सगळी मिळून माझ्या कालच्या कागदावर चालायची. मला आधी याचं हसू यायचं.

मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साहेबांनी फेऱ्या मारत ते वाक्य सांगितलं. सर्व जातिधर्म. एकच घडा. मी थांबले.

"काय झालं?"

"सगळे पिणार आहेत, सर?"

"अगं, साहेबलोकांना हे फार आवडतं. लिही."

मी लिहिलं. आणि खरं सांगायचं तर लिहिताना माझी बोटं हलकी झाली. आजवर त्यांचं प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी घडलं होतं. हे का नाही घडणार?

घरी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोन पाजते तुले?"

"माय, छापून येणार आहे."

"छापून येईन. पाजतीन का?"

 सकाळी माझं लुगडं बापाने स्वतः दोरीवरून काढून, झटकून हातात दिलं.

कुंडीजवळ मांडव होता. जवळच्या निंबोला गावाहून आणलेले केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मधोमध चौरंगावर तांब्याचा घडा. साहेबांनी पाण्याच्या शुद्धतेवर भाषण केलं. निसर्ग भेदभाव जाणत नाही, असंही म्हणाले. मग पेले फिरले. वकील प्यायले, व्यापारी प्यायले, वार्ताहर प्यायले. शहरातले सर्व जातिधर्म म्हणजे हेच होते. राहिलेली जात पायरीशी कागद घेऊन उभी होती.

मी एक पायरी चढले. हात पुढे केला. माझ्याच कागदावर भरवसा ठेवून.

पुढचं सांगितलंच आहे.

पण पाण्याने एक काम केलं. कागद भिजले, शाई पसरली. मी ते तसेच वाटले, तेव्हा वार्ताहर उन्हाकडे धरून पाहू लागले. मुंबईहून आलेला एक म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे वाचता येत नाही. कुणी वाचून दाखवेल का?"

"बाई, तुम्ही वाचा. सावकाश. त्यांना उतरवून घेऊ द्या."

मी वाचू लागले. मडमेने घोटून घेतलेलं इंग्रजी. दोन-चार माना वर झाल्या. ओली बाई आणि असं इंग्रजी, हे त्यांना एकत्र बसवता येत नव्हतं. नमुने, क्षार, बोगदे, विद्यापीठाचं नाव. पेन्सिली चालत होत्या. मग ते वाक्य आलं.

मी थांबले. बाहीतून पाणी कोपरावर येऊन टपकत होतं.

"पुढे?" मुंबईचा वार्ताहर म्हणाला.

"पुढचं वाक्य घडलेलं नाही."

आधी इंग्रजीत म्हटलं. मग मराठीत म्हटलं, मांडवाबाहेर उभ्या माणसांनाही कळावं म्हणून. आवाज लहानच होता माझा. पण मांडवात कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

साहेब हसले. "आमच्या बाई जरा लाजाळू आहेत." आणि त्यांनी ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द. पाठ असणारच. त्यांचंच होतं.

मुंबईच्या वार्ताहराने माझ्या बाहीकडे पाहिलं. मग तांब्याच्या घड्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून लिहून घेतलं.

साहेबांची मला कीव येत नाही, रागही येत नाही. ते जसे होते तसे वागले. पण त्या माणसाने पाहिलं होतं. पाहून लिहिलं. त्याची किळस मला अजून येते.

छापून आलं. बापाने मिशनमधून वर्तमानपत्र आणलं. मी घरात वाचून दाखवलं, मराठी करून. सर्व जातिधर्म. एकच घडा. माय म्हणाली, "पाह्यलं? आलं ना छापून." आणि चुलीकडे वळली.

दुपारी बंगल्यावरून महाराजचा निरोप आला. नवी बातमी आहे, ये. झालं गेलं साहेब विसरले.

मी विसरले नव्हते. मी गेले नाही. घरातला घडा घेतला, ते वर्तमानपत्र घेतलं आणि चौकातल्या हौदावर गेले. त्या हौदात त्याच कुंड्यांचं पाणी येतं. आमच्या बायका तिथे लांब उभ्या राहतात. कुणाला दया आली तर वरून पाणी मिळतं.

"ए बाई, पीछे हट," चौकीदार म्हणाला.

मी वर्तमानपत्र उघडलं. त्याला ते वाक्य हिंदीत वाचून दाखवलं. "विद्यापीठाने छापलं आहे. लाटसाहेबांनी वाचलं आहे. सबने पिया, एक ही घड़े से."

तो दात काढून हसला. "अखबार में पिया है ना? तो अखबार से ही पी."

हौदावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मी वर्तमानपत्राची घडी घातली, कमरेला खोचली, आणि तोटी फिरवली. माझ्या हाताने. घडा खाली लावला. हसणं थांबलं. "हौद बाटवला!" कुणीतरी ओरडलं. एका बाईने आपली कळशी पाण्यासकट माझ्या अंगावर भिरकावली. चौकीदाराची काठी खांद्यावर बसली. मी तोटीवरचा हात काढला नाही. घडा भरला. त्यातलंच पाणी तिथे उभी राहून प्यायले, मग घडा डोक्यावर घेतला.

घरी मायने खांद्यावरचा वळ पाहिला. घड्याकडे पाहिलं.  मग वाटी बुडवली आणि प्यायली. "मी येते उद्या," म्हणाली. शेजारणी दारात जमल्या होत्या. त्यातल्या काही आत आल्या. काही दारातच राहिल्या.

बातमी आधी लिहायची हे मला साहेबांनी शिकवलं. तर ही माझी बातमी, आजच लिहून ठेवते आहे. उद्या सकाळी महारवाड्यातल्या बायका चौकातल्या हौदावर जातील आणि आपल्या हाताने पाणी भरतील. काठ्या पडतील. एकीही मागे सरणार नाही.

छापा, नका छापू. हे वाक्य घडणार आहे.