दोन्ही बाजूंची चांगुणामावशी

चांगुणामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात चहाचे कप विसळत होते. फोन तिच्या सुनेचा, दर्शनाचा. सकाळी गेली, झोपेतच, म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेले कप विसळून, पुसून, ट्रेमध्ये पालथे घातले. रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता दादाला काय सांगायचं? माणूस गेल्यावर असं काही मनात येतं का? मला कळत नाही. मी आठवीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही. ऑफिसातल्या एक मॅडम म्हणाल्या, जसं बोलतेस तसं लिही. म्हणून लिहिते आहे, आणि लिहिताना तरी काही उलगडेल अशी आशा आहे...

मी परभणीकडची. कंपनीच्या हाउसकीपिंगमध्ये काम मिळालं म्हणून गावातल्या एका बाईबरोबर इकडे आले आणि नेरूळच्या जुन्या गावात मावशीच्या घरी भाड्याने राहिले. गाव म्हणायचं, पण चारी बाजूंनी टॉवर. मावशीच्या सासऱ्यांची खाडीकाठची शेती सरकारनं शहरासाठी घेतली, मग घरावर घर चढवून त्यांनी खोल्या काढल्या. वरची कोपऱ्यातली खोली माझी. पहिल्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा मावशी वर पेज घेऊन आली आणि मी घाबरून उठून उभी राहिले. ती म्हणाली, "बस गो बाय, मी काय पोलीस हाय?" मला त्या दिवसापासून तिचे उपकार कसे फेडायचे याचंच टेन्शन. मी तिचा ओटा झाडायचे, पाणी भरायचे. ती ओरडायची, "भाडं देतेस ना? मंग झाडू ठेव."

मावशी धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात भटजींच्या आधी मान असतो तो धवलारणीचा. हळदीपासून पोरगी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, तीच गाते आणि तिच्या गाण्यानेच लग्न लागतं. आमच्याकडे असलं काही नसतं, म्हणून मला त्याचं फार अप्रूप. गावातल्या कितीतरी पोरींची लग्नं मावशीच्या तोंडून लागली होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी नेरूळच्या स्टेडियममध्ये मुलींची फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. कोवळ्या पोरी, सतराच्या आतल्या, देशादेशांतून आलेल्या. ऑफिसात पास वाटले, आम्हालाही दिले. माझ्याबरोबर यायला कोणी नव्हतं. मावशी म्हणाली, "मी येतंय." नवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. गेटवर सिक्युरिटीच्या मुलीने तिची पिशवी उघडली तर आत हळद लावलेल्या तांदळाची पुडी.

"आंटी, ये क्या है?"

"अक्षता."

"खाने का सामान अंदर अलाउड नहीं है."

"खातान कोन येड्ये? डोक्यावर टाकतान!"

मागे रांग खोळंबली. मी घामाघूम. मुलीने पुडी शेजारच्या डब्यात टाकायला हात पुढे केला, तेवढ्यात मावशीने ती ओढून घेतली. अक्षता कचऱ्यात कशा जाणार? "मंग तूच घे," म्हणत तिने सगळे तांदूळ त्या मुलीच्या टोपीवर टाकले. मला वाटलं, आता दोघींना हाकलणार. पण त्या मुलीने डोळे मिटून हात जोडले आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत बसल्यावर मी विचारलं, "मावशी, अक्षता कशाला आणल्या?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच खुळी. दोन्हीकडच्या पोरी रांगेने आल्या, समोरासमोर उभ्या राहिल्या, गाणी झाली, हात मिळवले. "दोनी मांडवांची मानसं आली, नि तू इचारतेस कनाला?" मग म्हणाली, "यातली आपली कोनती?"

"आपली टीम यात नाही मावशी."

"मंग दोनी आपल्याच."

आणि खरंच ती दोन्हीकडून ओरडत होती. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून म्हणाला, "आज्जी, एक साइड पकडा ना!" मावशी म्हणाली, "तुज्या लग्नान पकडीन." शेवटी शेवटी एका पोरीच्या पायाला लागून बॉल तिच्याच जाळीत गेला. ती गवतावर बसली, तोंड झाकून. पलीकडच्या उड्या मारत होत्या. सगळं स्टेडियम ओरडत होतं आणि मावशी मात्र गप्प झाली. मग हळू आवाजात गायला लागली. मला शब्द कळेनात. कुठलं गाणं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, हळद उतरवताना पोरीला आंघोळ घालतात तेव्हाचं. ती पोर उठून पुन्हा धावायला लागेपर्यंत मावशी गात होती. हरलेल्या परदेशी पोरीसाठी लग्नातलं गाणं का? मला तेव्हा कळलं नाही, आजही नाही.

त्याच आठवड्यात गावाहून दादा आला, मला न्यायला. स्थळ बघून ठेवलं होतं. मला नाही म्हणता येत नाही, कुणालाच. मी वर जाऊन बॅग भरली. खाली आले तर मावशी दादाला चहा देऊन मुलाची चौकशी करत होती. काम काय, घरात किती माणसं, सासू कशी आहे... इतकी मन लावून, की मला वाटलं, झालं, हिनेही देऊन टाकलं मला. मग ती म्हणाली, "बरा दिसतो पोरगा. पन धवला मी गाईन."

दादा म्हणाला, "आमच्यात नसतंय तसलं काही, मावशी. भटजी असतेत."

"तुमच्यान नसंल. ती ऱ्हाते कोनाच्या घरान? माज्या घरातली पोर बिगर धवल्याची जायाची नाय."

"बरं, मग या तुम्ही. गाडी पाठवतो."

"या सालान मना वेल नाय. तारखा भरल्यान."

दादाला हसावं की रागवावं कळेना. जेवला आणि एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, "म्हातारी लई अवघड हाय." पुढच्या वर्षी त्याने त्याच स्थळासाठी फोन केला, त्याच्या पुढच्याही. तोवर मावशीला बोलावणी फारशी येत नव्हती, हळदीला लोक डीजे आणायला लागले होते. भर मे महिन्यात ती दिवसभर ओट्यावर बसलेली असायची आणि फोनवर दादाला सांगायची, "अजाबात वेल नाय."

ती लग्नाच्या विरोधात होती म्हणावं, तर तसंही नाही. दर्शनाच्या मावसबहिणीचं लग्न झालं, माझ्याहून लहान पोरगी. जाताना गाडीत बसेना. मावशीनेच तिला समजावून बसवलं, दार लावलं. घरी येताना मी धीर करून विचारलं, "तिच्या घरच्यांना का नाही सांगितलंत, वेळ नाही म्हणून?" मावशीने चालायचा वेग वाढवला. मग म्हणाली, "तू डोकं नको लावूस. गेल्यावर भात टाक."

दहावं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. मी ओट्यावर होते, पण मावशी भिंतीला टेकून बसायची ती जागा सोडून. तिथे अजून कुणी बसत नाही, शेजारच्या बायकासुद्धा उभ्याच बोलून जातात. दादा आधी मावशीबद्दल चांगलं बोलला. मग म्हणाला, "आता ते गाणं कोण म्हणणार गं?"

टोमणा होता की खरंच विचारत होता, कळलं नाही. मी काहीतरी कारण शोधत होते. सापडेना. तोंडातून निघून गेलं, "दादा, मला नाही करायचं लग्न. म्हणजे आत्ता नाही. म्हणजे... मला माहीत नाही, पण त्या घरी नाही."

तो म्हणाला, "एवढंच होतं, तर मग इतकी वर्षं त्या म्हातारीला का बोलायला लावलंस?"

आतून दर्शनाने जेवायला हाक मारली. तरी मी फोन कानाला धरून, त्या मोकळ्या जागेच्या शेजारी बसून राहिले.