सुतकाच्या घरात ‘येतो’ म्हणणारे गुरुजी

दामोदर गुरुजींची आणि माझी पहिली ओळख भांडणाची. माझा नातू भिका ज्वारीवरची पाखरं हाकलायचं सोडून शाळेत पळाला, म्हणून मी गोफण घेऊनच प्रकाशा गावच्या शाळेत शिरले. गुरुजी म्हणाले, “आई, धडा अर्धा झाला आहे. तेवढा संपू द्या, मग आम्हा दोघांनाही मारा.” मी बसले. धडा काही कळला नाही. पण भिकाचं तोंड पाहिलं आणि एकटीच शेतात परत गेले.

आता गुरुजींना साठ वर्षं झाली. गौरवग्रंथात तुम्हीही लिहा, असं मंडळींनी सांगितलं. त्यांची विद्वत्ता शिकलेले लोक लिहितील. मला लिहिणं उशिरा आलं, तेही गुरुजींनीच शिकवलं, म्हणून मला ठाऊक आहे तेवढंच लिहिते.

भिका सातवीची फायनल पास झाला तेव्हा शाळेच्या अंगणात समारंभ झाला. गुरुजी मुलांना म्हणाले, “तुम्ही इथे शिकत होतात तेव्हा तुमच्या वाट्याची निंदणी कोणीतरी करत होतं. ते विसरू नका. ज्यांच्या मुलांपर्यंत शाळा पोचली नाही, त्यांच्याकडे आता तुम्ही जा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. निंदणी मीच करत होते, आणि पुढे भिका मला सुख देईल या आशेवर करत होते.

भिका काठी गावाच्याही वर, डोंगरातल्या एका पाड्यावर शाळा काढायला गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पाड्यावरच्या माणसांनी त्याला झोळीतून खाली आणला. हिवतापानं तो वाटेतच गेला होता.

गुरुजी सांत्वनाला दारावर बसायला आले. मी सगळ्यांदेखत म्हणाले, “गुरुजी, तुमनं भाशन मन्हा नातूले खाई गयं.”

गुरुजी मान खाली घालून बसले. उठताना मात्र म्हणाले, “येतो, आई.” सुतकाच्या घरून निघताना ‘येतो’ असं कोणी म्हणत नाही, दुःख परत येतं म्हणतात. माझी जाऊ कडाडली, “इतला शिकेल मानूस, नि सुतकना घरमा ‘येस’ म्हनस!”

आणि गुरुजी खरंच आले. दर रविवारी येत राहिले. भिकासोबत खाली आलेलं त्याचं शेवटचं पत्र मी गुरुजींपुढे टाकायची, ते वाचून दाखवायचे. एकदा मी म्हणाले, “दरवेळी तुमच्या तोंडाकडे किती पाहू? मलाच शिकवा.” पुढच्या रविवारी गुरुजी पाटी घेऊन आले.

दोन वर्षांनी मी ते पत्र स्वतः वाचलं. त्यात एक ओळ होती, जी गुरुजींनी कधीच वाचली नव्हती: “ताप हटत नाही. गुरुजींनी दोनदा परत बोलावलं, पण पोरांना टाकून मी येत नाही.”

मी विचारलं, “ही ओळ का गिळलीत?”

गुरुजी म्हणाले, “आई, तुम्हाला कोणावर तरी रागवायचं होतं. भिकावर रागवण्यापेक्षा माझ्यावर बरं.”

मी माफी मागितली नाही. मला ती रीत येत नाही. त्यांना चहा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिला.

गुरुजींना धडधाकट शंभर वर्षं मिळोत. माझ्या दारातून निघताना ‘येतो’ म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे.