दसऱ्याला पूजलेली प्रेस

माझ्या साडूला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हाच आमचं पटणार नाही हे दोघांनाही कळलं, आणि त्यानंतर आम्ही एकमेकांना कधी निराश केलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचा नागपूरचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला माझ्या बऱ्याच आधी आलेला, आणि ते आधी येणं तो अंगावर शालीसारखं पांघरून बसायचा. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर. स्वतःचं घर, त्याखाली सजवलेलं बेसमेंट, तिथे फिकट रंगाचा गालिचा आणि भिंतभर टीव्ही. मी त्याच गावात भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहणारा डाय डिझायनर, म्हणजे पत्रा दाबून ज्या साच्यांतून गाड्यांचे भाग काढतात ते साचे आखणारा. तो मला ‘पुणेकर’ म्हणायचा. मी त्याला तोंडावर ‘साडूबुवा’ म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही, बायको वाचते.

त्या वर्षी आमच्या कंपनीने डाय डिपार्टमेंट बंद करायचं ठरवलं. काम भारतात हलणार होतं. भारतात कुठे, तर भोसरीला. ज्या भोसरीतून एवढा खटाटोप करून मी अमेरिकेला आलो होतो, तिथेच माझं काम माझ्याआधी परत निघालं होतं. साडूला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाला, वाईट झालं.

ताई, म्हणजे माझी मेहुणी, मनाने चांगली. ती म्हणाली, नोकरी मिळेपर्यंत आमच्या बेसमेंटमध्ये राहा. माझ्या बायकोने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. मीही धरले, पण खुर्चीचे.

“या की पुणेकर,” साडू म्हणाला. “फक्त खाली चपला घालायच्या नाहीत. कार्पेट लाइट कलरचं आहे.”

त्या क्षणापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. डिपार्टमेंट बंद व्हायच्या आत नोकरी. वाटेल ती, पण त्या गालिच्यावर अनवाणी उभं राहायची वेळ येऊ नये.

आता गंमत अशी की साडूच्याच कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या विभागात, एक जागा निघाली होती. मी अभिमान गिळून विषय काढला. तो म्हणाला, नातेवाइकांची शिफारस मी करत नाही, प्रिन्सिपल आहे. त्याचा चुलतभाऊ त्याच कंपनीत होता. तो म्हणे प्रिन्सिपलच्या आधीचा.

म्हणून मी साडूला वगळून थेट त्याच्या साहेबाला गाठायचं ठरवलं. साहेब साडूच्या घरी बार्बेक्यूला आला होता. उत्तर मिशिगनमधला, धिप्पाड, मोजकं बोलणारा माणूस. बाकीचे ऑफिसबद्दल बोलत होते, हा मक्याचं कणीस खात बसला होता. शिकारीचा विषय निघाल्यावर मात्र खुलला. त्याला आपल्या रायफलीसाठी गोळ्या घरीच घडवायच्या होत्या. छोट्या बंदुकीची रिकामी पितळी काडतुसं नेमबाजीच्या मैदानावर रग्गड पडलेली असतात. त्यांची कडा दाबून सरळ करायची, म्हणजे पितळी टोपी तयार होते, तिच्यात शिशाचा तुकडा भरायचा आणि डायमध्ये घालून जोरात दाबायचं, की त्याची टोकदार गोळी होते. वितळवायचं नाही, ओतायचं नाही. याला स्वेजिंग म्हणतात. पण त्याची प्रेस बनवणारे मोजके, आणि फार वाट बघायला लावतात, असं तो म्हणाला.

मी म्हणालो, मी बनवतो.

इथे हे सांगायला हवं की मी आयुष्यात बंदूक चालवलेली नव्हती. लहानपणी जत्रेत फुगे फोडायची छर्‍याची बंदूक एकदा धरली होती आणि फुगेवाल्याच्या स्टुलाला भोक पाडलं होतं. व्हिसावर असताना तर साधं काडतूसही जवळ ठेवायची आम्हाला मनाई. ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी आलं होतं, तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. आणि प्रेस ती प्रेस. भोसरीत मी डब्यांच्या झाकणांचे आणि पंख्याच्या पात्यांचे साचे केले होते. दाबाखाली शिसं मळलेल्या कणकेसारखं वागतं. त्यात अवघड काय?

साडू मागे उभा राहून ऐकत होता. त्याच्या हातातला चिमटा हवेतच थांबला.

गॅरेजमधून गाडी बाहेर आली आणि प्रेस आत गेली. बंद होणाऱ्या डिपार्टमेंटच्या भंगारातून, रीतसर विचारून, जाड पोलादी पट्ट्या आणल्या. ट्रकच्या शॉक ॲब्सॉर्बरचा चकचकीत रॉड वरखाली सरकणारा दट्ट्या झाला. लांब हँडल, ते दाबलं की दोन सांधे सरळ होतात आणि दट्ट्या वर चढतो, जोर कित्येक पटींनी वाढतो. वरचा भाग बदलला की हीच प्रेस तयार गोळी काडतुसात बसवायलाही चालेल, अशी सोय केली. डाय मात्र जीव ओतून बनवली. तिच्या पोटाला आरशासारखी चकाकी लागते. जरासा खडबडीतपणा राहिला तर गोळी आत जाते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. मी ते भोक लाकडाच्या काडीला पॉलिशची पेस्ट लावून घासत बसायचो, टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, एकदा तर आरती चालू असताना.

बायकोचा या प्रकरणाला उघड विरोध होता. सकाळी गाडीच्या काचेवरचं दव पुसताना ती गॅरेजच्या बंद दाराकडे असं बघायची, जणू आत सवत ठेवली आहे.

“अरे, आपल्या घराण्यात कोणी उंदीर मारला नाही,” ती म्हणाली.

“मी पण मारणार नाहीये. साहेब मारणार.”

“मग साहेबाच्या गॅरेजमध्ये कर ना यार!”

साडू अधूनमधून पाहणीला यायचा. हात मागे बांधून प्रेसभोवती फिरायचा, जणू मुलगी सांगून आली आहे. “काय करून राहिले पुणेकर? चकल्या पडतील का हो याच्यातून?”

“पडतील,” मी म्हणालो. “शिसं लागलेली पहिली चकली तुम्हाला.”

तो हसला, पण त्या दिवशी आमच्याकडे चहाही प्यायला नाही.

प्रेस चालली. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कोणाला खरं वाटणार नाही. दसऱ्याच्या आधी मी त्या प्रेसवर गोळ्या काढल्या, एकसारख्या, पिवळ्याधमक, आणि खिडकीत ओळीने मांडल्या. साहेबाला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी येतो, आणि येताना टूलरूमचा अर्जही आणतो. हे ऐकून मी बायकोला उचललं. तिनेही पहिल्यांदाच प्रेसबद्दल एक चांगला शब्द काढला. म्हणाली, बेसमेंट टळलं तर मी त्या यंत्राची दृष्ट काढीन.

दसरा त्याच आठवड्यात होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, हाताने यंत्र घडवलंस ना, मग पूजा कर, आणि त्या दिवशी त्याला हात लावू नकोस. आई एवढंच म्हणाली होती. पुढचं सगळं माझ्या हौसेचं.

नर्सरीतून सीझनचे शेवटचे झेंडू आणले. प्रेसला माळ घातली, हँडलला हळदकुंकू लावलं. आपट्याची पानं नव्हती म्हणून दारातल्या मेपलची वाहिली. आणि नारळ फोडला. कुठे, तर प्रेसच्याच पायथ्याच्या पोलादी ठोकळ्यावर, कारण गॅरेजमध्ये तेवढं भक्कम दुसरं काही नव्हतं. नारळ असा फुटला की पाण्याचं कारंजं उडालं. मी सगळ्यांना प्रसाद दिला आणि प्रेस वरवर फडक्याने पुसली. वरवर.

दुसऱ्या दिवशी माळ काढून डायला तेलाचा हात द्यायला हवा होता. भोसरीतल्या शिकाऊ पोरानेही दिला असता. पण साहेब येईल तेव्हा हार घातलेली, कुंकू लावलेली प्रेस त्याच्यासमोर उभी राहावी, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बायकोची जुनी ओढणी तिच्यावर टाकली आणि गॅरेजचं दार लावून घेतलं. बाहेर मिशिगनचा ओला ऑक्टोबर.

शनिवारी साहेब आला. त्याच्या गाडीतून पाठोपाठ साडूही उतरला. मी बोलावलं नव्हतं. म्हणाला, माझ्या साहेबाला रस्ता सापडला नसता. मी ओढणी दूर केली. साहेबाने वाळलेली फुलं पाहिली, हँडलवर ओढलेली कुंकवाची लाल बोटं पाहिली, आणि अदबीने विचारलं, हे काय आहे?

मी तोंड उघडायच्या आत साडूने उत्तर दिलं. स्वच्छ, ऑफिसच्या इंग्रजीत. त्याचा मराठी अर्थ असा: “आमच्याकडे काही लोक टॉलरन्स देवावर सोडतात.”

साहेब हसला नाही. टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलं तरी चालेल त्याची मर्यादा, हा टूलरूममध्ये चेष्टेचा विषय नसतो. मी कानापर्यंत तापलो. तापलेल्या माणसाने हँडलला हात लावू नये. मी पितळी टोपी आणि शिसं डायमध्ये सोडलं आणि आत बघायचं सोडून साडूकडे बघत हँडल दाबलं. नीट दाबलं गेलं. आता गोळी बाहेर ढकलायची. ती हलली नाही. पुन्हा जोर केला. ढकलणारी पिन वाकली. साडू सहानुभूतीने ‘च्च’ म्हणाला.

त्या ‘च्च’साठी मी आजही त्याला माफ केलेलं नाही. कोपऱ्यात लोखंडी पाइप पडला होता, तो हँडलवर चढवला, म्हणजे हँडल दुप्पट लांब झालं, आणि सगळं वजन टाकून लटकलो. माझी प्रेस मजबूत होती, हे तेव्हा सिद्ध झालं. ती कुठेही तुटली नाही. ज्या टेबलावर ती बोल्टने बसवली होती ते टेबलही तुटलं नाही. पण ते टेबल मी घरमालकाच्या भिंतीला स्क्रूने पक्कं केलं होतं, आणि अमेरिकेतली भिंत म्हणजे जरा जाडसा पुठ्ठा. आधी करकर असा आवाज आला. मग टेबल, प्रेस, मी आणि भिंतीचा एक मोठा तुकडा असे सगळे एकत्र साहेबाच्या दिशेने आलो. वरच्या फळीवर सासूबाईंनी पाठवलेली लोणच्याची बरणी होती. तीही आली.

साहेब चपळ होता, वाचला. त्याने मला उठवलं, माझ्या खांद्यावरची लिंबाची फोड काढली आणि म्हणाला, “इंटरेस्टिंग.”

अमेरिकेत साहेब ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला की विषय संपतो. अर्ज त्याच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता. तो तिथेच राहिला आणि त्याच्याबरोबर परत गेला.

जाण्याआधी साडू आडव्या पडलेल्या डायपाशी वाकला आणि मोबाइलच्या उजेडात आत डोकावला. पोटभर तांबूस ठिपके. गंज. त्याने भोकाच्या तोंडाशी बोट फिरवलं, हुंगलं, आणि एखाद्या वैद्याला निदान सापडावं तसा त्याचा चेहरा उजळला.

“नारळाचं पाणी,” तो म्हणाला. “वा, पुणेकर.”

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला आम्ही बेसमेंटमध्ये राहायला गेलो. चपला वर काढून.

तिथल्या दिवसांचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की आमच्या डोक्यावर साडूच्या पावलांचा आवाज असायचा आणि रोज जेवताना त्याला नारळाची आठवण यायची. चटणी वाढताना यायची, सोलकढी पिताना यायची. पाहुणे आले की तो त्यांना आपल्या गॅरेजमध्ये नेऊन, आमच्या सामानाबरोबर आलेली प्रेस दाखवायचा. मी ती भंगारात द्यायला निघालो तर त्याने अडवलं. म्हणाला, राहू द्या, घरात एक वस्तू इंटरेस्टिंग असावी. बायको हे सगळं खाली मान घालून ऐकायची. मला वाटायचं, तिलाही ते पटतं.

पुढच्या दसऱ्यापर्यंत मला शेजारच्या ओहायो राज्यात, टोलेडोजवळ एका लहानशा टूलरूममध्ये नोकरी लागली होती. अपार्टमेंट मिळायला मात्र अजून अवकाश होता. साडूने पूजा बेसमेंटमध्येच मांडली. पाटावर त्याचा ऑफिसचा लॅपटॉप, उघडा, कडेला कुंकवाचं स्वस्तिक. शेजारी गाडीच्या किल्ल्या आणि गोल्फच्या काठ्या. आणि मधोमध, गॅरेजमधून मुद्दाम वाहून आणलेली माझी प्रेस. मंडळी जमली होती. साडूने नारळ माझ्या हातात दिला.

“फोडा, पुणेकर. तिच्यावरच फोडा. पाणी पार आतपर्यंत जाऊ द्या.”

सगळे हसले. गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

मी नारळ उचलला. प्रेसच्या ठोकळ्यावर आपटला. आता ठोकळ्याची कड गोल, नारळ गोल, हाताला समईचं तेल लागलेलं. पाणी एका बाजूला उडालं. त्या बाजूला लॅपटॉप होता. पाणी कळांच्या फटींमधून शांतपणे आत उतरलं, पार आतपर्यंत, आणि पडद्यावरचा साडूच्या कुटुंबाचा नायगाऱ्याचा फोटो एकदा थरथरून काळा झाला. तो अपघात होता असं मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

साडूने लॅपटॉप उलटा धरला. फिकट गालिच्यावर पाणी टपकू लागलं. तो माझ्याकडे वळला, पण त्याच्या तोंडून काही निघायच्या आत माझी बायको बोलली, प्रसादाची वाटी हातात घेऊन, अगदी गोड आवाजात.

“भाऊजी, टॉलरन्स देवावर सोडला होता.”

ताईने पदर तोंडाला लावला. कशासाठी ते मला दिसलं नाही.

अपार्टमेंट मिळेपर्यंत आम्ही टोलेडोजवळच्या एका मोटेलमध्ये राहिलो. सामान त्याच संध्याकाळी भरलं. प्रेस उचलायला साडू आला नाही, बायको आली. एका बाजूने तिने धरली, दुसऱ्या बाजूने मी, आणि आम्ही ती चपला घालून गालिच्यावरून बाहेर नेली.